मागचा पाय

सभेत कुणी उठून "आपलं जगणं म्हणजे अडथळ्यांची शर्यत" असं म्हणालं की टाळ्या पडतात. मी टाळी वाजवत नाही. कविता लिहितो, उपमेचं मला वावडं नाही. पण ही उपमा खोटी आहे, आणि कशी खोटी ते टेप लावून दाखवता येतं.

अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळा किती उंच ते आधी ठरलेलं असतं. पुरुषांच्या ११० मीटरला १०६.७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. बायकांच्या १०० मीटरला ८३.८ सेंटिमीटर. दोन्हीकडं हर्डल दहा. पुरुषांना सुरुवातीच्या रेषेपासून पहिलं हर्डल १३.७२ मीटरवर, मग दर ९.१४ मीटरवर एक, आणि शेवटच्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटर. बेरीज करून बघा, बरोबर ११० भरते. आठ लेन असतील तर आठांनाही हेच माप. कुणाच्या लेनमधलं हर्डल रात्रीतून चार बोटं वर सरकत नाही. आडनाव विचारून टेप लावत नाहीत. आणि धक्का लागला की हर्डल पडतं. पडावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. वरच्या फळीच्या मधोमध ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की ते उलटलंच पाहिजे असा नियम आहे.

आता सांगा, असा अडथळा आपल्यापैकी कुणी बघितलाय? पाणवठ्यावरचा? भाड्याच्या खोलीचा? मुलाखतीत "पूर्ण नाव सांगा" म्हणणाऱ्या साहेबाचा? त्याची उंची कुणी सांगत नाही. शेजारच्या लेनमध्ये तो नसतोच. आणि त्याला धक्का दिला की पडतो आपण. तेव्हा मित्रांनो, ही उपमा ज्यांची आहे त्यांना परत करा. मला हर्डलबद्दलच बोलायचंय. लाकडाच्या फळीच्या, लोखंडाच्या पायाच्या हर्डलबद्दल.

आमच्या वस्तीत मी पोरापोरींना हर्डल शिकवतो. कुणी नेमलेलं नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे, दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी मिळते, आणि सुट्टीचा दिवस. शाळेत असताना धावायचो. हर्डलचं जे कळलंय ते रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून, मांडीवर डिक्शनरी घेऊन, आणि मोबाईलवर जुन्या शर्यती पुन्हापुन्हा मागं घेऊन बघत. एकेक पाऊल थांबवून बघायचं. पाय कुठं टेकला, खुबा कुठं आहे, हात कुठं आहे. पुस्तकातली चित्रं आणि मोबाईलमधली माणसं जुळायला लागली की मग मैदानात.

नवं पोर आलं की त्याला वाटतं, हर्डल म्हणजे उडी. ते हर्डलच्या अगदी जवळ जातं, थबकतं, दोन्ही गुडघे छातीशी घेतं आणि बेडकासारखं वर जातं. वर जाणं म्हणजे वेळ घालवणं. हवेत असलेला माणूस जोर लावू शकत नाही, जोर लागतो तो पाय जमिनीवर असताना. म्हणून हर्डलवरून जाताना जितकं कमी वर जाता येईल तितकं बरं. खुबा फळीवरून जेमतेम पार झाला पाहिजे. त्यासाठी उचल लांबून करावी लागते. मोठ्या बायका हर्डलच्या साडेसहा फूट आधी जमीन सोडतात आणि पलीकडं साडेतीन फुटांच्या आसपास टेकतात. पोरांना हे पटत नाही. डोळ्यांना वाटतं, एवढ्या लांबून कसं पोचणार? जवळ गेलं की सुरक्षित वाटतं. पण जवळ गेलं की वर उडावंच लागतं, आणि वरून पडलेलं माणूस टाचेवर धपकन बसतं, मग पुढच्या पावलाला वेग उरत नाही. हे सांगून कळत नाही. चुन्याची रेघ मारायची आणि म्हणायचं, रेघेच्या पुढं पाय टाकायचा नाही. बस.

पुढचा पाय सगळ्यांना दिसतो. फोटोत तोच असतो, टाच पुढं करून भाल्यासारखा. पोरं तो बघून सरळ पाय हवेत फेकतात. तसं नसतं. आधी गुडघा वर येतो, वाकलेला, आणि गुडघा फळीच्या उंचीवर आला की मग पोटरी उलगडते. पाय फळीवरून गेला रे गेला की तो जोरानं खाली ओढायचा, टेकायची वाट बघायची नाही. यासाठी आम्ही भिंत वापरतो. पळत यायचं, गुडघा उचलायचा आणि समोरच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तळवा ठेवायचा. समाजमंदिराच्या भिंतीवर तळव्यांचे ठसे उमटले तेव्हा एक आजोबा चिडले. म्हणाले, "विहाराच्या भिंतीला पाय लावता व्हय रं?" म्हटलं, "मागची बाजू हाय आजोबा, पुढं जात न्हाई आम्ही." ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "त्या पोरीचा पाय जरा खाली बसतोय." बरोबर होतं त्यांचं.

पण हर्डल जिंकायचं ते मागच्या पायानं. त्याच्याकडं कुणी बघत नाही. पुढचा पाय गेला तरी मागचा राहिलेला असतो, आणि तो राहिलेला पाय अंगाखालून सरळ पुढं आणला तर फळीला गुडघा नाहीतर नडगी लागते. म्हणून तो बाजूनं आणायचा. गुडघा बाहेर वळवायचा, मांडी जमिनीला समांतर, टाच बसायच्या जागेजवळ, पायाची बोटं बाहेर वळवून वर ओढलेली, नाहीतर बोटं अडकतात. मग गुडघा तसाच काखेखालून पुढं छातीसमोर आणायचा आणि तिथून लांब पाऊल टाकायचं. गुडघा समोर यायच्या आत पाय खाली सोडला की पाऊल तिरकं पडतं, अंग वळतं, आणि पुढच्या हर्डलपर्यंतचं सगळं गणित चुकतं.

याचा सराव कंटाळवाणा आहे. भिंतीला दोन्ही हात टेकून किंचित पुढं झुकून उभं राहायचं, बाजूला कमी उंचीचं हर्डल, आणि मागचा पाय मागून उचलून त्यावरून फिरवून पुढं आणायचा. दहा वेळा. पाय बदलून दहा. मग चालत. मग हर्डलच्या कडेकडेनं, फक्त मागचा पाय फळीवरून, पुढचा बाहेरून. मग उलट, फक्त पुढचा फळीवरून. मग हळू पळत. महिना-दोन महिने असंच. पोरं विचारतात, "दादा, पळायचं कधी?" रिंगफ्रेमवर नव्या पोराला तुटलेला धागा जोडायला शिकवतात तेव्हा असंच असतं. चाती फिरत असते, धागा तुटतो, एका हाताच्या दोन बोटांत तो जोडायचा. हजार वेळा केल्यावर बोटं आपोआप करतात, मग माणूस दुसऱ्या तुटलेल्या धाग्याकडं बघू शकतो. हर्डलवर नजर पुढच्या हर्डलच्या फळीवर असली पाहिजे. पायाकडं बघायला वेळ नसतो.

सामान काही नव्हतं. गिरणीत दबलेले, फाटलेले कागदी कोन भंगारात जातात. ज्यावर सूत गुंडाळतात ते. वीतभर उंच. विचारून पोतंभर आणले. दोन कोनांवर एक काठी आडवी ठेवली की झालं हर्डल. पाय लागला की काठी निसटते, लागत नाही. चालायच्या सरावाला एवढं पुरतं. पुढं विटा, मग बांबूला खाचा पाडून त्यावर काठी. काठी बांधायची नाही, एवढा एकच नियम मी कडक ठेवलाय.

मग ताल. दोन हर्डलांच्या मधे तीनच पावलं पडली पाहिजेत. तीन पडली की दर वेळी तोच पाय पुढं येतो. चार पडली तर पाय बदलतो. पाच पडली तर पाय तोच येतो पण शर्यत गेली. बायकांच्या १०० मीटरला हर्डल ८.५० मीटरवर. त्यातले तीन मीटर हवेत जातात. उरले साडेपाच, ते तीन पावलांत. आणि तिन्ही पावलं सारखी नसतात. टेकल्यानंतरचं पहिलं आखूड, दुसरं सगळ्यात लांब, तिसरं पुन्हा जरा आखूड, म्हणजे पाय झटकन खाली येतो आणि खुबा पुढं सरकतो. सुरुवातीला आम्ही हर्डल साडेसहा मीटरवर लावतो आणि आठवड्याला पाऊल-पाऊल लांबवत नेतो. अंतर वाढलं तरी ताल तोच राहिला पाहिजे. एक, दोन, तीन.

हा ताल पायात बसवायला एका पोरानं घरातली हलगी आणली. खरंच, हलगीवर तीन टिपऱ्या आणि एक घाव असा ताल धरला की पोरं आपोआप जुळवून घ्यायची. पण दुसऱ्याच दिवशी त्याचा आजा आला. हलगी काढून घेतली. "माझ्या बापानं हे गावापुढं वाजवायचं टाकलं, त्यापायी मार खाल्ला. भिंतीला टांगून ठेवलीय ती आठवणीला. तुम्ही पुन्हा हातात घेताय?" यावर वस्तीत दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणालं, वाद्य आपलं आहे, आपल्यासाठी वाजवलं तर काय बिघडलं? कुणी म्हणालं, टाकलं ते टाकलं. मला दोन्ही बाजू कळतात. पण आज्याच्या बापाचा मार माझ्या हिशोबात जास्त वजनाचा आहे. हलगी पुन्हा भिंतीवर गेली. आता आम्ही टाळ्या वाजवतो. एकजण पळतो, बाकीचे टाळ्या.

एडविन मोझेसचं नाव आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला पाहिजे. पँथर कुठून आलं ते आपल्याला ठाऊक असतं, हार्लेम ठाऊक असतं, हा माणूस ठाऊक नसतो. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मोरहाऊस नावाचं काळ्या पोरांचं कॉलेज आहे. मार्टिन ल्यूथर किंग तिथलेच विद्यार्थी. मोझेस तिथं भौतिकशास्त्र शिकत होता. कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नव्हता. हा गावातल्या सरकारी शाळांच्या ट्रॅकवर जाऊन सराव करायचा. मार्च १९७६ च्या आधी ४०० मीटर हर्डल्स तो एकदाच धावला होता. त्याच वर्षी जुलैत माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यानं ४७.६३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण घेतलं. दुसरा आला त्याच्यापुढं एक सेकंदाहून जास्त.

कसं? ४०० मीटरला हर्डल तीन फुटांचं, पण दोन हर्डलांत ३५ मीटर अंतर. त्या काळी बाकीचे शर्यतीच्या शेवटाकडं दमले की तेरावरून चौदा, पंधरा पावलांवर जायचे. मोझेसनं दहाही हर्डलांत तेराच पावलं ठेवली. पाऊल किती लांब पडतं, किती दम लागतो, याचा त्यानं हिशोब केला होता. पुढचा पाय कायम डावा. वळण डावीकडं असतं, त्यामुळं डावा पाय पुढं घातला की लेनच्या आतल्या कडेला धरून पळता येतं आणि उजवा, म्हणजे मागचा, पाय हर्डलच्या बाहेरून जाऊन बाद व्हायची भीती राहत नाही. १९७७ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तो हरला, आणि त्यानंतर पुन्हा हरला तो थेट जून १९८७ ला, माद्रिदमध्ये. मधल्या १२२ शर्यती त्यानं जिंकल्या. ट्रॅक नसलेल्या कॉलेजचा पोरगा. मी हे पोरांना सांगतो तेव्हा ट्रॅक नव्हता हे शेवटी सांगतो. आधी तेरा पावलं सांगतो. नाहीतर पोरं फक्त गरिबी ऐकतात आणि मान डोलावतात.

आपल्याकडंही माणसं आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. त्याची शर्यत वेगळी, ३००० मीटर स्टीपलचेस. तिथले अडथळे जाड ओंडक्यासारखे, पडत नाहीत, त्यावर पाय ठेवूनही जाता येतं. २८ अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रुपेरी पदक, दोन केनियन पोरांच्या मधे घुसून. मराठवाड्याचाच तेजस शिरसे, २०२४ ला फिनलंडमध्ये ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत, राष्ट्रीय विक्रम. आणि विशाखापट्टणमची ज्योती याराजी, वडील सुरक्षारक्षक. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत शेजारची चिनी खेळाडू आधी सुटली आणि पंच ज्योतीलाही बाद करायला निघाले. ती ट्रॅकवरून हलली नाही. पंचांशी बोलत उभी राहिली, पुन्हा चित्र बघायला लावलं. दोघींनाही धावू दिलं, नंतर चिनी खेळाडू बाद झाली आणि ज्योतीला रुपेरी पदक मिळालं. आमच्या पोरींनी तो व्हिडिओ पाठ केलाय. शर्यतीपेक्षा आधीचं भांडण जास्त बघतात.

आता आमच्या एका पोरीबद्दल. सोळा वर्षांची. नाव लिहीत नाही, तिची इच्छा नाही. मागच्या पायाचा सराव करताना तिला तिच्या आईनं पाहिलं आणि घरी तमाशा झाला. "पाय असा फाकवून? भर रस्त्यात? चार लोकं बघत्यात." आई बोलते ते मी समजू शकतो, तिला रोज लोकांच्या घरी भांडी घासायला त्याच रस्त्यानं जायचं असतं. पण आमचाच एक कार्यकर्ता, सभेत सावित्रीबाईंवर तासभर बोलणारा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरीला लेझीम शिकव ना. हे बरं दिसत नाही." त्याला म्हटलं, माणसाचा खुबा बाहेर वळतो, हाडाची रचनाच तशी आहे, पोरीचाही वळतो. बरं दिसणं कुणाला हवंय? तो हसला, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चालेल.

आईनंच तोड काढली. गुडघ्याखाली येणारी ढगळ चड्डी शिवली. ती चालेना, कापड गुडघ्यात धरायचं आणि मांडी वर येईना. मग तिनं स्वतः येऊन, पोरीला पाय फिरवायला लावून, कुठं ओढतंय ते हातानं चाचपून बघितलं, आणि आतून घट्ट, वरून आखूड असा जोड केला. मैदानात अर्धा तास बसली होती. जाताना विचारलं, "ही पडली तर दात जातील का?"

मैदानाचंही सांगायला पाहिजे. जवळच्या एका शाळेचं मैदान संध्याकाळी मोकळं असतं. आम्ही तिथं सराव करायचो. मग कुणीतरी तक्रार केली, आणि रखवालदारानं फाटक लावलं. कारण विचारलं तर "तुमची पोरं" एवढंच कळलं. पोरं म्हणजे किती, काय केलं, काही नाही. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तोवर कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता.

त्या शाळेत फाटक लागायच्या आधी जुनी लोखंडी हर्डलं होती. कुणा वेल्डरनं बनवलेली, उलट्या टी सारखी, उभ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय. अशी पडत नाहीत. पूर्वी सगळीकडं अशीच जड हर्डलं असायची, आणि नियमही तसे. तीन पाडली की बाद. एक पडलं तरी विक्रम धरत नसत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा बॉब टिस्डल ४०० मीटर हर्डल्स ५१.७ सेकंदांत जिंकला, पण शेवटचं हर्डल त्याच्या पायानं पडलं. सुवर्ण त्याला, आणि जागतिक विक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या ५२.० सेकंदांना. १९३५ च्या सुमारास एल आकाराचं हर्डल आलं. त्याचे पाय एकाच बाजूला, धावणारा येतो त्या बाजूला. त्यामुळं धक्का लागला की ते पुढं उलटतं. हेच हर्डल उलटं लावलं, म्हणजे पाय पलीकडं, तर ते हलत नाही, माणूस पडतो. मित्रांनो, कुठंही हर्डल लावताना हे आधी बघा. आता पडलेल्या हर्डलांची मोजणी होत नाही. हातानं लोटून पाडलं तर बाद, किंवा पाय हर्डलच्या बाहेरून फळीच्या खालून गेला तर बाद.

या लोखंडी टी वर आमच्या पोरीची नडगी दोनदा फुटली. तेव्हापासून तिला एक सवय लागली. फळी जवळ आली की अंग आपोआप वर जायचं, हातभर वर. सांगून, रेघ मारून, काठी ठेवून, काही केल्या जाईना. अंगानं शिकलेलं अंग विसरत नाही. बांबूवरची काठी पडते हे तिला माहीत होतं, पण खरं हर्डल पडत नाही हेही तिच्या नडगीला माहीत होतं.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा खऱ्या हर्डलवर धावली. मुलींच्या तिच्या वयोगटात १०० मीटरलाच हर्डल अडीच फुटांचं. पायात कॅनव्हासचे बूट, बाकीच्यांना स्पाइक्स. पहिली दोन हर्डलं ती नेहमीसारखी उंच गेली आणि मागं पडली. तिसऱ्याला मागचा गुडघा लागला. हर्डल फाडकन पुढं पडलं. मी डोळे मिटणार होतो, पण ती चालूच होती. चौथं हर्डल ती खालून गेली. म्हणजे फळीला लागून, जवळजवळ चाटून. पाचवं तसंच. मी काठावरून टाळ्या वाजवत होतो, एक, दोन, तीन, तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. आठव्यापर्यंत तीन पावलं टिकली, मग दम गेला, चार झाली, पाय बदलला, डाव्याऐवजी उजवा पुढं घालून शेवटची दोन काढली. दोन्ही पायांचा सराव इथं कामाला आला. पाचवी आली. पुढच्या फेरीत नाही.

माझ्याकडं पळत आली, गुडघ्यावर खरचटलेलं. "दादा, ते पडतंय! लागलं की पडतंय!" शर्यतीचं काही बोलेना. दहा वेळा तेच. परत येताना एसटीतही शेजारच्या बाईला सांगत होती.

खेळात जात नसते म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना पालवणकर बाळूचं सांगावं. चांभाराचा पोरगा, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. पुण्यात चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा. आणि बळी घेऊनही कप्तानपद नाही, कारण कप्तान निवडायला माणसं बसतात. (पुढं १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला, हे मला माहीत आहे. म्हणून चहाचं भांडं खोटं होत नाही.) हर्डलमध्ये निवडायला माणसं बसत नाहीत, घड्याळ असतं. पण घड्याळापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर फाटक असतं, आणि फाटकाला रखवालदार. ट्रॅकवरची समता खरी आहे, मी ती पाहिली आहे, ८.५० मीटर म्हणजे ८.५० मीटर. म्हणूनच ती पोरीला सोळाव्या वर्षी पहिल्यांदा भेटावी याचा मला राग येतो.

तर मुद्दा असा. यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी मंडळाला सुचवलं की एका रात्रीच्या डीजेच्या पैशात दहा हर्डलं होतात, एल आकाराची, नियमाप्रमाणं. गोंधळ झाला. एकजण म्हणाला, मिरवणुकीत पोरं नाचली नाहीत तर लोक म्हणतील यांची जयंती थंड. एकजण म्हणाला, हर्डल घेऊन क्रांती होते का? म्हटलं, डीजेनं होते का? बायका मागं बसल्या होत्या, त्यातून शिवणकाम केलेल्या त्या आईचा आवाज आला, "दहाच लागत्यात ना? मग त्यात एवढं काय?" निर्णय झालेला नाही. दोन नमुने करून आणा, मग बघू, असं ठरलं.

दोन केलेत. वेल्डरला चित्र काढून दिलं. तो म्हणाला, "आयुष्यभर लोकं म्हणत आली, हलायला नको असं बनव. पडायला पाहिजे असं सांगणारा तूच." वर सात सेंटिमीटर रुंद फळी, आडवी चार फुटांच्या आत, खाली पायात वजन. आणल्यावर फळीच्या मधोमध ताणकाटा अडकवून ओढून बघितलं. साडेपाच किलोला उलटतं. जास्त आहे. वजन पायाच्या टोकाला बसवलंय, ते उभ्या दांडीकडं सरकवलं की जोर कमी लागेल. किती सरकवायचं ते कागदावर काढलंय, चार बोटं. मंगळवारी पहिली पाळी आहे, सुटलो की वेल्डरकडं जाणार. पोरगी पण येणार आहे, ताणकाटा तीच धरते.